क्वांगा: चार दिवस पाण्यात, मग पानात

क्वांगा हातात घेतला की आधी नाकाला लावावा. उकडलेल्या पानाचा हिरवा वास आणि त्याच्या आडून गव्हाच्या चिकासारखा आंबूस दरवळ, असे दोन्ही मिळाले तर माल चोख. नुसताच झोंबणारा आंबट वास आला, किंवा मुळी वासच आला नाही, तर पुढच्या टोपलीकडे जावे. मग पानावरूनच अंगठ्याने दाबून पाहावे. खळगा पडून सावकाश भरून आला पाहिजे. खळगा तसाच राहिला तर पीठ निथळायला वेळ दिलेला नाही आणि हा क्वांगा दोन-तीन दिवसांत बुरशी धरणार. अंगठा अजिबात रुतला नाही तर तो थंड होऊन कडक झालेला आहे, पण खराब नाही. वाफेवर पुन्हा मऊ होतो. दोरी सोडून दाखवा असे विकणारीला सांगू नये. पान उघडले की हवा लागते आणि क्वांग्याचे आयुष्य तिथेच कमी होते.

क्वांगा म्हणजे कसाव्याचा कंद पाण्यात आंबवून, त्याचे पीठ मळून, पानात घट्ट बांधून उकडलेला लोड. फ्रेंचमध्ये याला शिक्वांग म्हणतात. हे बाकोंगो लोकांचे रोजचे अन्न आहे. काँगो नदीच्या मुखाकडचा त्यांचा मुलूख वसाहतीच्या काळात तीन सत्तांनी वाटून घेतला आणि आज तो तीन देशांत विभागलेला आहे: काँगो लोकशाही प्रजासत्ताकातला काँगो सेंट्राल प्रांत, ब्राझाव्हिलच्या काँगोचा दक्षिण भाग आणि उत्तर अंगोला. सीमा कुठेही पडल्या तरी पानातला हा लोड तिन्हीकडे आहे. लोकशाही प्रजासत्ताकाची राजधानी किन्शासात तर नदीच्या वरच्या अंगाचे लोकही तो तितक्याच आवडीने खातात.

आपल्याला हा कंद परका नाही. उपवासाचा साबुदाणा याच कंदाच्या सत्त्वाचा होतो. तमिळनाडूतल्या सेलमचे साबुदाण्याचे कारखाने कसाव्यावर चालतात. फरक असा, की साबुदाण्यात कंदातले फक्त पिष्ट राहते, बाकी सगळे धुऊन जाते. क्वांग्यात कंदाचा गरच वापरतात, आणि तोही बऱ्याचदा कडू जातीचा. कडू कसावा जमिनीत चांगला टिकतो, रानडुकरे आणि उंदीर त्याच्या वाट्याला कमी जातात, पीकही भरघोस येते. पण त्यात लिनामारिन नावाचे द्रव्य असते. कंद चिरला, ठेचला किंवा कुजला की त्याच्याच अंगातले विकर या द्रव्यावर काम करते आणि सायनाइड सुटते. क्वांगा करण्याची सगळी पद्धत या एका गोष्टीभोवती रचलेली आहे. चव, टिकाऊपणा, रंग हे सगळे त्यामागून येते.

म्हणून क्वांग्याची परीक्षा करायची तर तो कसा होतो ते माहीत हवे.

कंद वर्ष-दीड वर्षाचे झाले की काढतात. काढल्यावर दोन-तीन दिवसांत आतून निळसर-काळ्या रेषा पडू लागतात, त्यामुळे उपसलेला माल घरी ठेवून चालत नाही. शक्यतो त्याच दिवशी पाण्यात जावा लागतो. ओढ्याच्या कडेला बांध घालून केलेला डोह, खड्डा, नाहीतर पिंप, कशातही भिजवतात. काही जणी आधी सोलतात, काही भिजल्यावर. भिजल्यावर साल हाताने सुटते, पण आधी सोललेला कंद लवकर आणि एकसारखा मऊ होतो. दोन-तीन फार जाड कंद असतील तर त्यांचे तुकडे करून टाकावे लागतात. नाहीतर बारीक कंद गळून जातात आणि जाड्यांच्या मध्ये खडा राहतो.

पाण्यात तीन ते पाच दिवस. पहिल्या दिवशी काही दिसत नाही. दुसऱ्या दिवसापासून बुडबुडे येतात, पाणी ढगाळ होते, आपल्या आंबोळीच्या पिठाचा असतो त्या जातीचा वास सुटतो. दुधाचे दही करणाऱ्या जिवाणूंचे भाईबंदच इथे काम करतात. पाणी आंबते, कंदाच्या पेशी सैल होतात, विकराला लिनामारिनपर्यंत वाट मिळते आणि विष पाण्यात उतरते. जे मागे उरते त्याचा बराचसा भाग पुढे पिळताना आणि उकडताना जातो. कंद झाला की नाही हे ओळखायची खूण एकच: दोन बोटांत धरून चिमटा काढावा, गर लोण्यासारखा दबला पाहिजे आणि मधला धागा अखंड ओढून निघाला पाहिजे. धागा तुटत असेल तर अजून एक दिवस. जून ते सप्टेंबरच्या कोरड्या हंगामात तिकडे हवा गार असते; तेव्हा उन्हाळी हिशेबाने तिसऱ्या दिवशी उपसलेला कंद हमखास कच्चा निघतो. आधीच्या खेपेचे थोडे पाणी विरजणासारखे नव्या पाण्यात घातले तर काम लवकर होते. पण जुने पाणी पुन:पुन्हा तसेच वापरले की क्वांग्याला शिळ्या लोण्याचा कुबट वास येतो आणि तो उकडूनही जात नाही.

उपसल्यावर साल, धागा, काळे डाग काढून दोनदा स्वच्छ पाण्यात धुतात. मग गर पोत्यात भरून वर दगड ठेवतात, रात्रभर. चक्क्यासाठी दही टांगतो तसेच, फक्त वजनाखाली. हीच ती पायरी जिथे विक्रीचा माल बिघडतो. पाणी वजनात मोजले जाते, तेव्हा कमी निथळलेला क्वांगा विकणारीला परवडतो आणि घेणाऱ्याला महागात पडतो.

निथळलेला गर उखळात कुटतात, लाकडी पाटावर लाटण्यासारख्या दांड्याने रगडतात किंवा गिरणीत दळतात. चांगल्या प्रतीचा क्वांगा करायचा तर त्याआधी गर पाण्यात कालवून चाळणीतून गाळतात, त्याने तंतू मागे राहतात. मग पहिली उकड: पिठाचे मोठे गोळे वाफवून किंवा पाण्यात शिजवून बाहेरून अर्धवट पारदर्शक होऊ द्यायचे आणि गरम असतानाच मोठ्या लाकडी काठवटीत वल्ह्यासारख्या दांड्याने मळायचे. मोदकाची उकड हाताला चटके बसत असतानाच मळावी लागते ते इथेही आहे, फक्त इथे एका वेळी दहा-बारा किलो पीठ असते आणि ते मेणासारखे ओढले जाते. खांदे भरून येतात. आत शिजलेला आणि कच्चा भाग एकजीव झाला नाही तर तयार क्वांगा कापल्यावर सुरी ओढली जाते आणि मध्ये पांढऱ्या पिठाच्या गाठी दिसतात.

पाने रुंद, लांब देठाची, जंगलातल्या ओलसर जागेतली. कर्दळीच्या अगदी जवळच्या कुळातली, आणि हळद व केळ यांचीही नातेवाईक. कोकणात पातोळ्या हळदीच्या पानात होतात, त्यामागे जे शहाणपण आहे तेच इथे. पान पुसून, विस्तवावरून फिरवून लवचिक करतात. दोन ते चार पाने एकमेकांवर आडवी-उभी ठेवून त्यात पिठाचा लोड गुंडाळतात, दोन्ही टोके आत दुमडतात आणि वेलीच्या किंवा राफिया ताडाच्या तंतूने करकचून बांधतात. बांधणी सैल राहिली तर उकडताना पाणी आत शिरते आणि टोके चिकट, गिळगिळीत होतात. मोठ्या पातेल्याच्या तळाला देठांचा थर, त्यावर लोड उभे लावून, वरून पानांचे झाकण. अर्धा किलोच्या लोडाला तासाभराच्या वर लागतो, मोठ्यांना त्याच्या दुपटीहून जास्त. साल, धागा आणि भिजताना जाणारा भाग वजा करता ताज्या कंदाच्या साधारण निम्म्या वजनाचा क्वांगा हाती येतो.

शेवटी तो पानातच गार करायचा असतो. गरम लोड लगेच पोत्यात भरले की आत घाम धरतो आणि बुरशीची सुरुवात तिथून होते. नीट झालेला क्वांगा घरात, फ्रीजशिवाय, आठवडाभर सहज राहतो. विषुववृत्ताच्या जवळच्या हवेत शिजवलेले अन्न आठवडाभर टिकवणे सोपे नाही. इथे ते काम आंबटपणा, उकड आणि पान तिघे मिळून करतात.

यात घाई कुठे करता येत नाही, तर पाण्यात. याचा फार वाईट पुरावा काँगो लोकशाही प्रजासत्ताकातच आहे. काँगो मुलखाला लागून पूर्वेला क्वांगो भाग आहे. तिथे अचानक दोन्ही पाय कायमचे लुळे पडण्याचा आजार १९३८ साली नोंदला गेला. स्थानिक याका भाषेत त्याला कोंझो म्हणतात, अर्थ ‘बांधलेले पाय’. नीट न भिजवलेल्या कडू कसाव्यातून रोज पोटात जाणारे सायनाइड आणि त्याच वेळी आहारात प्रथिनांची चणचण, अशी दोन्ही कारणे एकत्र आली की हा आजार होतो. मुले आणि बाळंतवयातल्या बाया यात जास्त सापडतात. पुढे बांदुंदू भागात असे दिसले, की पक्का रस्ता झाला, किन्शासाचे व्यापारी दारात येऊन कसावा उचलू लागले आणि तीन रात्री भिजवण्याची रीत एका रात्रीवर आली. रस्ता चांगला, भाव चांगला, पण दोन रात्री गेल्या आणि पाय गेले. म्हणून सांगावेसे वाटते: कडवट लागणारा क्वांगा ‘अशीच चव असेल’ म्हणून खाऊ नये. चांगला क्वांगा आंबट असतो, कडू कधीच नसतो.

आता प्रत्यक्ष माल. तीन ठिकाणचा क्वांगा वेगवेगळा तोलावा लागतो.

सगळ्यांत वरचा क्रमांक किन्शासा ते मतादी या महामार्गावर, कासांगुलू, किसांतू, म्बांझा-न्गुंगू, किंपेसे या टप्प्यांवर मिळणाऱ्या मालाचा. गाडी थांबली की बायका टोपल्या घेऊन काचेशी येतात. घाई न करता दोन-तीन टोपल्यांतले लोड हातात घेऊन बघावे. पान तकतकीत, गडद हिरवे-तपकिरी आणि दोरी खोल रुतलेली असेल तर बांधणी चांगली. रंग आतून करडा-पांढरा, किंचित अर्धपारदर्शक. कापलेली कड गुळगुळीत. पाचपैकी पाच. एकच काळजी: पानावर पांढरट लव किंवा गुलाबी-काळे ठिपके दिसले तर वरचा भाग कापून बाकीचा खाऊ म्हणून घेऊ नये. बुरशीची मुळे डोळ्यांना दिसतात त्याच्या बरीच आत गेलेली असतात.

किन्शासाच्या बाजारातला क्वांगा साडेतीन ते चार. माल रोज येतो, खप प्रचंड, त्यामुळे शिळे फार सापडत नाही. तक्रार दोन गोष्टींची. एक म्हणजे आकार: बाहेरून सारखे दिसणारे दोन लोड हातात घेतले की वजनात ठळक फरक, कारण पानांचे थर कमी-जास्त असतात. डोळ्यांवर न जाता दोन हातांत दोन तोलून घ्यावे. दुसरी तक्रार प्लॅस्टिकची. पाने जंगलातून दूरवरून आणावी लागतात, म्हणून शहरात काही ठिकाणी पीठ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उकडतात. पान वाफ आत-बाहेर जाऊ देते, प्लॅस्टिक देत नाही. असा क्वांगा वरून ओला, घामट राहतो, लवकर नासतो, त्याला पानाचा वास नसतो, आणि उकळत्या पाण्यात तासभर राहिलेल्या पिशवीतले अन्न खाऊ नये हे वेगळे सांगायला नको. वर एकच पान शोभेला आणि आत प्लॅस्टिक असाही प्रकार असतो. दाबल्यावर बारीक करकर आवाज आला तर समजून जावे.

युरोपातला गोठवलेला क्वांगा तिसरा. ब्रसेल्समध्ये इक्सेलच्या मातोंगे पेठेत, पॅरिसमध्ये शातो रूजच्या आसपास तो हमखास मिळतो. विदर्भातून जर्मनीला गेलेल्या किंवा कोकणातून बेल्जियमला शिकायला गेलेल्या कुणालाही तो चाखायचा असेल तर हाच सोपा मार्ग. पाचपैकी तीन, नीट गरम केला तर साडेतीन. दुकानातल्या पेटीत बर्फाचे खडे आत जमलेले पुडके घेऊ नये, ते एकदा वितळून पुन्हा गोठलेले असते आणि कापल्यावर भुगा होतो. पानातले आणि प्लॅस्टिकमधले शेजारीशेजारी असतील तर चार पैसे जास्त देऊन पानातलेच घ्यावे.

गरम करण्यात बहुतेक लोक चुकतात. क्वांगा थंड झाला की त्यातले पिष्ट आवळते आणि लोड खडखडीत होतो. आपली भाकरी दुसऱ्या दिवशी होते तसेच. फ्रीजमध्ये हे आणखी लवकर होते, त्यामुळे एक-दोन दिवसांत संपणार असेल तर फ्रीज नको, आणि महिनाभर ठेवायचा असेल तर थेट गोठवावा. गोठलेला लोड रात्रभर बाहेर काढून, पान न सोडता, मोदकपात्रात किंवा चाळणीवर ठेवून अर्धा ते पाऊण तास वाफवावा, अर्ध्या किलोला एवढे पुरे. मग दहा मिनिटे झाकून तसाच राहू द्यावा. मायक्रोवेव्हमध्ये कडा चामड्यासारख्या होतात आणि मध्य गारच राहतो. तीच वेळ आली तर जाड काप करून, ओल्या फडक्यात गुंडाळून थोडाथोडा वेळ फिरवावे. कापायला सुरी नको. ताणलेल्या जाड दोऱ्याने काप स्वच्छ निघतात. दोन माणसांना अर्धा किलो पोटभर होतो.

क्वांगा एकटा खायचा नसतो. प्रथिने त्यात नावाला असतात, म्हणून सोबतीला मासा, दाणे, पाला लागतोच. साका-साका, म्हणजे कसाव्याचीच कोवळी पाने कुटून पाम तेलात शिजवलेली भाजी, हा नेहमीचा जोडीदार. या पानांतही तेच विष असते. कुटल्याशिवाय आणि झाकण न ठेवता भरपूर उकळल्याशिवाय ती खात नाहीत. गोठवलेली कुटलेली पाने आणली तरी तास-दीड तास उकळी हवीच. पण काँगो सेंट्रालची खरी शान फुंब्वा. रानातल्या एका वेलीची चिवट पाने केसासारखी बारीक चिरतात, धुतात आणि धुरावलेला मासा, टोमॅटो, कांदा व दाण्याचे भरपूर कूट घालून मंद आचेवर शिजवतात. दाण्याच्या कुटावर वाढलेल्या मराठी जिभेला हा पदार्थ पहिल्या घासालाच ओळखीचा वाटेल. दाण्याला बाकोंगोंच्या किकोंगो भाषेत ‘न्गुबा’ म्हणतात. गुलामगिरीच्या जहाजांतून गेलेला हाच शब्द अमेरिकेच्या दक्षिणेत ‘गूबर’ होऊन राहिला. फुंब्वात चूक होते ती दाण्याचे कूट फार लवकर घालण्याची. तळाला लागते आणि पाला कच्चाच राहतो. पाला दाताखाली मऊ आल्यावरच कूट घालावे.

तिसरा जोडीदार माकायाबू, खारवलेला मासा. रात्रभर दोन-तीन पाणी बदलून भिजवला नाही तर क्वांग्याचा नाजूक आंबटपणा मिठाखाली मरतो. मिठावरून आठवते ते सांगायलाच हवे. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागतात. काँगोच्या जुन्या राज्यात ‘मीठ खाणे’ म्हणजे बाप्तिस्मा. राजा न्झिंगा अ न्कुवू याने १४९१ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर त्या विधीतले पाण्यापेक्षा जिभेवर ठेवलेले मीठ लोकांच्या मनात बसले, आणि किकोंगोत या संस्काराचे नावच ‘कुडिया मुंग्वा’ पडले. मीठ चेटकापासून राखते अशी श्रद्धा त्यात मिसळली. किंपा व्हिटा या तरुणीने राज्य पुन्हा एक करण्यासाठी जी चळवळ उभारली, तिच्या प्रार्थनेत मात्र सांगितले होते, की देवाला बाप्तिस्म्याचा विधी नको, मनातला हेतू हवा. २ जुलै १७०६ ला तिला जाळण्यात आले.

कसावा मुळात या मुलखाचा नाही. पोर्तुगीजांनी तो १६व्या शतकात ब्राझीलहून आणला. त्याआधी ज्वारी-बाजरीसारखी धान्ये होती. १५९१ साली रोममध्ये छापलेल्या काँगोच्या एका वर्णनात ‘लुको’ नावाच्या, मोहरीएवढ्या दाण्याच्या धान्याची पांढरी भाकर सांगितलेली आहे. अभ्यासक ते धान्य नाचणी समजतात. आज बाकोंगो ज्याला ‘लुकू’ म्हणतात ते कसाव्याच्या पिठाचे गरम मुटके. धान्य गेले, नाव राहिले. कोकणातल्या माणसाला हा धागा फार जवळचा वाटावा, कारण नाचणीही आफ्रिकेतूनच आपल्याकडे आलेली.

लुकू घरी, गरम, लगेच खायचा. क्वांगा वाटेवरचा. टिकतो आणि भांडे लागत नाही, म्हणून हमाल, व्यापारी, नावाडी सगळ्यांच्या बोचक्यात तोच. नेमका हा गुण बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या राजवटीने ओळखला आणि बायकांच्या मानेवर जू ठेवले. मतादीपासून नदीवरच्या धबधब्यांना वळसा घालून लिओपोल्डव्हिलपर्यंत, म्हणजे आजच्या किन्शासापर्यंत, सगळा माल डोक्यावरून जाई. १८९० ते १८९८ मध्ये रेल्वे बांधली तेव्हा मजुरांचे तांडे आले. ठाण्यांवरचे सैनिक, मजूर, नोकर यांना पोसायला गावांवर क्वांग्याचा कर बसवला: ठरल्या दिवशी ठरलेले लोड पोहोचलेच पाहिजेत. ब्रिटिश वाणिज्य दूत रॉजर केसमेंट यांच्या १९०३ च्या प्रवासावरच्या अहवालात या सक्तीच्या पुरवठ्याची नोंद आहे. कर गावावर, पण खणणे, भिजवणे, कुटणे, बांधणे, उकडणे सगळे बायकांचे. एक खेप पोहोचती होते न होते तोच पुढची पाण्यात घालायची. क्वांग्याच्या भावात घासाघीस करणाऱ्याने निदान एवढे लक्षात ठेवावे, की या लोडात पाच-सहा दिवसांचे काम आहे.

हे दिवस जुन्या काँगो पंचांगात छान बसतात. त्यांचा आठवडा चार दिवसांचा: न्कांडू, कोंझो, न्केंगे, न्सोना. बाजार या दिवसांच्या नावाने भरत, आणि काही गावांच्या नावांत ते दिवस अजून आहेत, जसे न्सोना-म्पांगू. एका बाजाराला कंद पाण्यात घातला की पुढच्या त्याच वाराला तो उपसण्याजोगा होतो. पाणवठाही नुसती सोय नाही. बाकोंगोंच्या जुन्या समजुतीत जिवंतांचे जग आणि पूर्वजांचे जग यांच्यामध्ये कालुंगा नावाची पाण्याची सीमा आहे. सूर्य ती रोज ओलांडतो, माणूस मेल्यावर ओलांडतो. झरे आणि डोह बिसिंबी नावाच्या शक्तींचे. त्यामुळे डोह घाण करणे, आंबलेले पाणी दुसऱ्याच्या पिण्याच्या पाण्यात सोडणे ही गावात साधी चूक धरली जात नाही.

विकणारीला ‘मामा’ म्हणून हाक मारावी, तिकडे त्याचा अर्थ आई. वयाने लहान असली तरी चालते, उलट नुसते ‘ए’ केलेले खपत नाही. आपल्या अर्थाचा मामा तिथे वेगळ्या मानाने असतो. वंश आईकडून चालतो, म्हणून आईचा भाऊ, न्ग्वा न्काझी, घराण्याचा वडीलधारा. भाचीच्या लग्नात त्याच्या होकाराशिवाय पान हलत नाही. दुखवट्याची सांगता करणाऱ्या मातांगा नावाच्या मोठ्या जेवणावळीत मालाफू, म्हणजे ताडाची माडी, आधी थोडी जमिनीवर पूर्वजांसाठी ओततात. अशा जेवणावळींना क्वांग्याची मागणी अगोदर आठवडाभर तरी नोंदवावी लागते. ऐन वेळी मागितलेला माल कमी भिजलेला मिळण्याची शक्यता फार.

किंबांगू या ख्रिस्ती पंथाच्या घरी पाहुणे असाल तर माडी आणि डुकराचे मांस विसरा. सायमन किंबांगू यांनी १९२१ मध्ये न्कांबा गावी रोग्यांवर हात ठेवून प्रार्थना सुरू केली, काही महिन्यांतच बेल्जियन सरकारने त्यांना पकडले, आणि तीस वर्षांनी, १२ ऑक्टोबर १९५१ ला, ते तुरुंगातच वारले. त्यांच्या पंथात दारू वर्ज्य आहे. प्रसादाच्या विधीतही द्राक्षमद्याऐवजी मधाचे पाणी असते. न्कांबाला मोठ्या दिवसांना दूरदूरहून लोक येतात. तिकडे जायचे तर महामार्गावरच दोन दिवसांपुरते लोड, थोडे भाजलेले दाणे आणि धुरावलेला मासा बरोबर घ्यावा.

घरी करून पाहायचा असेल तर साबुदाणा किंवा साबुदाण्याचे पीठ वापरू नये. ते नुसते पिष्ट. मळले की काचेसारखा चिकट गोळा होतो, आंबटपणा नाही आणि दाताला गर लागत नाही. ताजा कसावा हवा. केरळकडून येणारा खाण्याचा कसावा बहुधा गोड जातीचा असतो, तरी भिजवण्यात काटकसर नको. तीन किलो सोलून, बोटभर तुकडे करून, पाण्यात पूर्ण बुडवून, वर ताटली व वजन ठेवून तीन-चार दिवस. तुकडे पाण्यावर आले की काळे पडतात. मग धागे काढणे, दोनदा धुणे, फडक्यात बांधून वजनाखाली एक रात्र, मिक्सरमध्ये पाण्याशिवाय वाटणे. निम्मे पीठ कढईत पारदर्शक होईपर्यंत ढवळून घ्यावे, उरलेल्या कच्च्या पिठात मिसळून दहा मिनिटे मळावे. केळीचे पान दुहेरी लावावे, ते लवकर फाटते. हळदीचे मिळाले तर आतून एक लावावे. पाव किलोचे लोड, पाऊण ते एक तास वाफ. साधारण दीड किलो क्वांगा होईल.

उरलेल्या क्वांग्याचे बोटभर जाड काप निखाऱ्यावर भाजावेत, दोन्हीकडून डाग पडेपर्यंत. बाहेर पापडासारखी खरपूस साल धरते, आत मऊ, आणि आंबटपणा थोडा गोडीकडे झुकतो. वर पिली-पिली मिरचीचा ठेचा, चिमूटभर मीठ, बाजूला मूठभर भाजलेले न्गुबा.